वाडीच्या तोंडावरचा बांबू

लॉकडाऊन उठला, शाळा भरल्या, लग्नांत पंगतीवर पंगती उठायला लागल्या, लोकांचे मास्क आधी हनुवटीवर आले आणि मग खिशात गेले. पण वाडीच्या तोंडावरचा बांबू काही उठला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते असं.

उरणच्या बाजूला, कंटेनरच्या गाड्या चोवीस तास धूळ उडवत जातात त्या मोठ्या रस्त्यापासून जरा आत ही बौद्धवाडी. ऐंशी-नव्वद घरं, पाठीमागे मिठागरं, आणि आत यायला एकच रस्ता. त्या रस्त्याच्या तोंडाशी, विहाराला लागूनच, दोन खांबांवर हा बांबू आडवा टाकलेला. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की बांबू वर जायचा. पण दोरी सोडायची ती गाडीसाठी. पायी माणसासाठी एवढे कष्ट कोण घेणार? माणसानं आपलं वाकून खालून जायचं. अडीच वर्षं वाडी वाकत होती. दप्तरं घेतलेली पोरं वाकायची, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बाया मोळी उतरवून वाकायच्या आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा चढवायच्या. वाडीतली सुचिता तर हसत सांगायची, "अगो, मी माहेरी गेले तरी रस्त्याच्या तोंडाशी माझी मान आपसूक खाली जाते. भाऊ विचारतो, काय पडलं काय तुझं?"

बांबूशेजारी प्लास्टिकची लाल खुर्ची आणि खुर्चीत रत्नपाल.

रत्नपाल आधी कंटेनर यार्डात गेटवर वॉचमन होता. लॉकडाऊनमध्ये काम सुटलं ते सुटलंच. वाडीनं समिती नेमली तेव्हा गेटावरचा माणूस म्हणून त्यालाच बसवला. त्यानं जुन्या नोकरीतली शिट्टी काढली, निळा शर्ट चढवला आणि एक लांबलचक रजिस्टर आणलं. कोण, कुठे, कशाला, कुणाबरोबर, किती वाजता, आणि शेवटचा रकाना 'माहिती देणार'. तेव्हा ते रास्तच वाटलं होतं. रोज मुंबईहून कुणी ना कुणी यायचं आणि कुणाच्या श्वासात काय आहे कुणास ठाऊक, अशी भीती होती. उन्हात बसतो बिचारा म्हणून विहार झाडणाऱ्या रखमानंच त्याला दोन वेळचा चहा पोचवला होता.

आता भीती राहिली नव्हती. रजिस्टर मात्र चौथं चालू होतं.

रखमा साठीला आलेली. तिच्या नेमांवर वाडीनं घड्याळ लावावं. पहाटे अंघोळ, भगवंतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, आणि मग झाडू घेऊन विहारात. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्यांना उपोसथ. त्या दिवशी अंगावर पांढरं पातळ आणि बारानंतर अन्नाचा कण नाही. बोलणं इतकं हळू की समोरच्यानं कान पुढे करावा. आणि पाचांतलं चौथं शील तिनं असं धरलं होतं, जसं आंधळ्यानं काठी धरावी. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. थट्टेत नाही, रडत्या पोराला समजावताना नाही, नवरा आत झोपलेला असताना दारात विमावाला आला तर 'घरात नाहीत' एवढंसुद्धा नाही. वाडीत दोघांची बाचाबाची झाली की तिसरा म्हणायचा, "रखमाकाकीला विचारा, म्हंजे झालं."

रत्नपाल तेच करायचा. विचारायचा.

रात्री आठला तो दोरीला कुलूप घालून जेवायला जायचा. आठनंतर वाडीत कोण शिरलं हे त्याला दिसायचं नाही. म्हणून सकाळी रखमा विहार झाडायला आली की खुर्चीतूनच हाक यायची.

"जय भीम, काकी. काल मैत्री कवा आली?"

"जय भीम. पावणेदहा झाले असतील."

"एकटीच?"

"न्हाय. त्यांच्या हास्पिटलातला विवेक सोडून गेला."

"तोच तो, ॲम्ब्युलन्सवाला?"

"व्हय."

"मोटारसायकलवर?"

"व्हय रे बाबा," रखमा म्हणायची आणि झाडायला लागायची. रत्नपाल लिहायचा. त्यात वाईट काय आहे असं तिच्या मनातसुद्धा कधी आलं नाही. जे घडलं ते सांगितलं. तिच्या पोरीनं काही चोरी केली नव्हती.

मैत्री तिची एकुलती एक. सव्वीस वर्षांची, पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. रोग जोरात होता तेव्हा तीन महिने ती घरीच आली नव्हती. प्लास्टिकच्या पोशाखात घामानं उकडून निघायची, हातांची सालं निघाली होती. परत आली तेव्हा याच विहारात तिला शाल दिली, 'योद्धा' म्हणून छापलेला कागद दिला. कागद देताना समितीचे अध्यक्ष विठोबाअण्णा यांचा आवाज भरून आला होता. तो कागद अजून भिंतीवर होता. बाकी, गरज सरो आणि वैद्य मरो.

दिवाळीपासून मैत्रीची पाळी दुपारची झाली. दोन ते नऊ. सुटल्यावर बस मिळाली तर मिळाली, नाहीतर विवेक सोडायचा, कारण त्याचं घर पुढेच, करंजाच्या बाजूला.

*

त्या रविवारी सकाळी वंदना झाली आणि विठोबाअण्णा म्हणाले, "कुणी उठू नका. पाच मिनिटांचा विषय हाय."

पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. रखमा पहिल्या रांगेत, मैत्री मागे सुचिताच्या जवळ; सुट्टीचा दिवस म्हणून ती मुद्दाम आली होती. रत्नपाल उठला. रजिस्टर त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"कुणाच्या वैयक्तिक गोष्टीत समिती पडत न्हाय," तो म्हणाला, "पण वाडीला वळण पायजे. रात्री आठनंतर वाडीतली एक मुलगी बाहेरच्या माणसाच्या गाडीवर येते. वाडीत बाकीच्याही पोरी हायत. मी माझ्या पदरचं काही बोलत न्हाय. जे लिवलंय ते वाचतो."

आणि तो वाचायला लागला.

"तीन तारीख. मैत्री भागोजी. रात्री नऊ पन्नास. मोटारसायकल, चालक पुरुष. माहिती देणार, रखमाकाकी, आई. पाच तारीख. मैत्री भागोजी. नऊ चाळीस. मोटारसायकल, चालक पुरुष. माहिती देणार, रखमाकाकी, आई. आठ तारीख..."

पहिल्या दोन नोंदींना रखमाला काही कळलंच नाही. तिला वाटलं हजेरी चालली आहे. तिसऱ्या नोंदीला बायांच्या रांगेतलं कुजबुजणं थांबलं. पाचव्याला कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानंतर प्रत्येक 'आई' शब्द तिच्या तोंडात मारल्यासारखा बसत गेला. रत्नपालनं एकही वगळली नाही. तेवीस नोंदी होत्या. तेवीस वेळा.

"वाचून झालं?" मागून मैत्रीचा आवाज आला.

"व्हय."

"मग आता एवढं पण लिहा. नऊला माझी ड्युटी सुटते. सव्वानऊला शेवटची बस, ती आठवड्यातून चारदा येतच नाही. दुसरी गाडी मिळाली तर ती लांबच्या फाट्यावर सोडते, तिथनं कंटेनरच्या रस्त्यानं चालत तास लागतो, आणि रस्त्यावर दिवे नाहीत. विवेक मला सोडतो. त्यात काय लिहिण्यासारखं हाय?"

"आवाज चढवू नको, पोरी," विठोबाअण्णा म्हणाले.

"तुमची शुगर उतरली होती तेव्हा मी रात्री दोनला आले होते अण्णा. ते लिहिलंय का? तेव्हापण मला विवेकनंच सोडलं होतं."

अण्णा छताकडे बघायला लागले. मग त्यांनी ठराव सांगितला. आठनंतर बाईमाणसानं एकटीनं किंवा परक्या माणसाबरोबर वाडीत यायचं नाही. घरच्या पुरुषानं नाक्यावर जाऊन आणायचं. नाहीतर दिवसाची पाळी घ्यायची. ते होत नसेल तर नोकरी बघावी दुसरी. 'पोरीच्याच भल्यासाठी' हे शब्द त्यांनी तीनदा वापरले.

रखमाचा नवरा भागोजी सगळा जन्म मिठागरात वाकून काढलेला माणूस. त्याला आता पन्नास पावलं टाकली की धाप लागायची. तो भिंतीला टेकूनच म्हणाला, "आमच्या बापाला गावाच्या येशीवर उभा करायचे. कोण, कुठला, कशाला आला. आता आपलीच येस आन आपलीच पोर."

"भागोजीमामा, ते येगळं, हे येगळं," रत्नपाल म्हणाला.

"व्हय. तवा दुसरे करायचे," भागोजी म्हणाला आणि खोकायला लागला.

सगळ्यांनी 'साधू साधू साधू' म्हटलं आणि सभा उठली.

*

घरी आल्यावर मैत्री ओरडली असती तर रखमाला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिनं फळीवरची बॅग काढली, धूळ झटकली आणि कपडे घड्या घालून भरायला लागली.

"कुठं चाललीस?"

"हॉस्पिटलच्या वर नर्सांची खोली हाय. एक कॉट रिकामी हाय."

"किती दिवस?"

मैत्री पांढरे मोजे जोडीनं गुंडाळत राहिली.

"मैत्री, त्यानं विचारलं तर मी खोटं कसं बोलू गो? मी शील घेतलंय."

मैत्रीचे हात थांबले. "खोटं बोल असं कोण म्हणतंय, आई? गप्प बसायला कुठल्या शिलानं बंदी केलीय तुला?"

रखमानं एक मोजा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"तेवीस वेळा," मैत्री म्हणाली. "एकदा तरी मला सांगायचंस, की बाई, तो रोज विचारतो. मी तुझ्या शेजारी झोपते. जेवताना तुझ्या समोर बसते. मला कधी विचारलंस का विवेक कोण, कसा हाय? ते न्हाय. पण त्या खुर्चीला सगळं सांगितलंस."

सोमवारी सकाळी ती गेली. जाताना बापाच्या पाया पडली, आईच्याही पडली, नेमानं. बांबूखालून वाकली. बॅग आधी सरकवली, मग ती. रत्नपालनं विचारलं, "कुठं?" ती न बघता चालत राहिली. त्यानं रखमाकडे पाहिलं. रखमा हातात झाडू घेऊन विहाराच्या पायरीवर उभी होती.

"पनवेलला," तिच्या तोंडून निघून गेलं. "ऱ्हायला."

त्यानं लिहिलं.

आणि मग तिला कळलं की आपण पुन्हा तेच केलं.

*

ती आत गेली आणि झाडायला लागली. झाडत राहिली. झाडून झालेली जागा पुन्हा झाडली. तळपायापासून काहीतरी वर चढत होतं आणि त्याला काय म्हणायचं हे तिला सुधरत नव्हतं, कारण एवढा राग तिनं अंगात कधी येऊच दिला नव्हता. राग आला की ती डोळे मिटायची, श्वास मोजायची, आणि तो निघून जायचा. आज श्वास मोजता मोजता तो वाढत होता. रत्नपालचा राग. अण्णांच्या त्या भल्याचा राग. फिस्सकन हसलेल्या बाईचा राग. आणि सगळ्यांत खाली, मिठागरातल्या चिखलासारखा, स्वतःचा.

"झाडून घे, झाडून घे. जमीन तेवढी स्वच्छ पायजे."

दारात केसर उभी होती.

केसर रखमाच्या समोरच्या घरातली, कोलंबी सोलायच्या शेडवर जाणारी. अडीच वर्षांत ती रखमाशी एक अक्षर बोलली नव्हती. कारण वाडीला ठाऊक होतं. लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात केसरचा मुलगा प्रीतम घाटकोपरहून आला. रस्ते बंद, म्हणून मच्छीच्या होडीतून खाडीकाठी उतरला आणि मिठागरांतून चालत पहाटे आईच्या परसात शिरला. केसरनं त्याला मागच्या पडवीत लपवला. रत्नपालनं सकाळी रखमाला विचारलं, "काकी, केसरकडं कोण आलंय का?" आणि पहाटे त्याला लंगडत परसात शिरताना पाहिलेल्या रखमानं सांगितलं, "प्रीतम आलाय." मग प्रीतमला बंद शाळेत चौदा दिवस एकटा ठेवला. जेवणाची पिशवी काठीला बांधून खिडकीतून द्यायचे. पोरं पत्र्यावर दगड मारायची. केसरच्या घराला पाणी भरायला बंदी केली.

"गेली पोरगी?" केसरनं विचारलं.

"गेली."

"आता येणार न्हाय."

"असं म्हणू नको गो."

"का? खरं तेच बोलायचं ना?" केसर आत आली. चप्पल काढायला विसरली नाही. "माझा प्रीतम चौदा दिवसांनी शाळेतनं सुटला. त्याला काय झालं न्हवतं. साधा खोकला न्हवता. त्यानं आंघोळ केली, जेवला, आणि मला म्हणाला, आये, मी जातो. अडीच वर्षं झाली. दोन जयंत्या गेल्या. फोन करते तर म्हणतो, बांबू हाय का अजून? मी म्हणते हाय. तो म्हणतो, मग ऱ्हाऊ दे."

रखमा झाडू धरून उभीच.

"तुझं शील तुला ग्वाड लागलं रखमा, आणि वनवास माझ्या पोराला. आता तुझ्या पोरीला." केसरनं भिंतीकडे बोट केलं. तरुणांनी रंगवलेली पाटी होती तिथं, अष्टांगिक मार्गाची. "ती पाटी रोज पुसतेस ना तू? सम्यक वाचा. वाच काय लिवलंय."

"खोटं बोलू नये," रखमा पाठ म्हणाली.

"पुढचं वाच."

रखमानं वाचलं. रोज ओल्या फडक्यानं पुसत आली होती ती अक्षरं. खोटं बोलू नये, चहाडी करू नये. एकाच ओळीत होतं. मध्ये एक स्वल्पविराम, बस्स. ती आयुष्यभर त्या स्वल्पविरामापाशी थांबली होती.

तिनं वळून बघितलं तेव्हा केसर निघून गेली होती. बाहेर शेडवरचा टेंपो हॉर्न मारत होता.

*

गुरुवारी मार्गशीर्ष पौर्णिमा. रखमा पहाटे उठली, अष्टशील घेतलं. नेमात वंदनेच्या शेवटी क्षमा मागायची असते, कायेनं, वाचेनं, मनानं झालेल्या चुकीची. ती त्या ओळीवर आली आणि अडखळली. इतकी वर्षं ती क्षमा मूर्तीजवळ मागत आली होती. मूर्तीचं तिनं काही बिघडवलं नव्हतं.

पांढरं पातळ नेसून, कापडी पिशवी घेऊन ती साडेआठला निघाली.

"येतेस कवा?" भागोजीनं विचारलं.

"बघते."

भागोजी हसला. चाळीस वर्षांत 'बघते' हे उत्तर त्यानं बायकोच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं.

बांबूपाशी ती थांबली. रत्नपाल मोबाईल बघत होता. "जय भीम, काकी. उपास? कुठं निघालात?"

"बांबू उचल."

"आं?"

"बांबू उचल, रत्नपाल."

"अहो, वाका ना. रोज वाकताय."

"आजपासून न्हाय."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं मोबाईल खाली ठेवला. "गुडघे दुखतायत का? बरं, उचलतो. सांगा. कुठं?"

"सांगणार न्हाय."

"मैत्रीकडं ना?"

"सांगणार न्हाय."

"काकी, तुमी खोटं बोलत न्हाय, मला म्हाईत हाय. म्हणून तर तुमाला विचारतो."

"खोटं न्हायच बोलत. सांगत न्हाय. तुला सांगायचं मी बंद केलं."

आवाज तिचा नेहमीसारखाच, हळू. रत्नपालला कान पुढे करावाच लागला. पण ऐकल्यावर तो कान त्यानं झटकन मागे घेतला. "मग मी पण उचलणार न्हाय. नियम सगळ्यांना सारखा."

"नको उचलू," रखमा म्हणाली आणि बांबूसमोर मधोमध उभी राहिली. रस्ता तो केवढा? जेमतेम रिक्षा जाईल एवढा, दोन्ही कडांना खांब. एक माणूस मधे उभं राहिलं की वाकून जायलाही दुसऱ्याला जागा उरत नव्हती.

आधी सुचिता आली, शेडवर जायला निघालेली. मग आणखी चार बाया. मग पोरं घेतलेली शाळेची रिक्षा. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. बांबूच्या पलीकडे शेडवरचा टेंपो उभा राहिला, त्यानंही दिला. दोन्ही बाजूंनी हॉर्न आणि मध्ये पांढऱ्या पातळातली बाई, हलेना.

"काकी, काय झालं?" सुचितानं विचारलं.

"मी वाकणार न्हाय."

"मग आमी?"

"तुमचं तुमी बघा. मी वाकणार न्हाय."

"ओ रत्नपालदादा, उचला की! उशीर झाला तर मुकादम उभं करंल!"

"त्यांना सांगायला सांगा! एक शब्द सांगायचाय, कुठं चाललात. बाकी सगळे सांगतात ना? सोन्याचा शब्द हाय काय त्यांचा?"

गर्दीत मागून केसर आली, हातात डबा. "सांग ना गो," ती मोठ्यानं म्हणाली. "मोठी खरं बोलणारी. सांग, म्हणजे आमी सुटू."

रखमा वळली. पाय तिथेच रोवलेले.

"सांगते," ती म्हणाली. "तुला सांगते, सगळ्यांसमोर सांगते. प्रीतम आलाय म्हणून मीच सांगितलं होतं."

"ते कुत्र्यालापण म्हाईत हाय."

"व्हय. पण मी मनात म्हणायचे, मी खरं बोलले, माझा दोष न्हाय. दोष हाय. त्याला खोकला न्हवता हे मला दिसत होतं. त्याच्या पायाला फोड आले होते हे दिसत होतं. तेवढं खरं मी सांगितलं न्हाय. कोणी विचारलंच न्हाय, आणि मी पण सांगितलं न्हाय. क्षमा कर, केसर."

रिक्षातलं एक पोर रडायला लागलं.

"न्हाय करणार," केसर म्हणाली. "कशाला करू? अडीच वर्षं माझं पोर पंगतीला न्हाय. तुझ्या एका क्षमेनं येणार हाय?"

"न्हाय."

"मग!" केसरनं डबा सुचिताच्या हातात दिला, बायांना कोपरानं ढकलत खांबापाशी गेली आणि दोरीची गाठ सोडायला लागली. रत्नपाल उठला. "ए केसर! हात लावू नको! समितीचा..."

"कोलंबी बर्फातनं निघालीय, तुझी समिती सोलणार हाय काय? जा, ये सोलायला!"

बाया हसल्या. गाठ सुटली, दगड धाडकन खाली बसला आणि बांबू वर गेला. रखमा सरळ मानेनं पुढे गेली. तिच्यामागून सगळ्या गेल्या, ताठ, आणि दोन-तीन बायांची मान सवयीनं खाली गेलीच, मग त्या स्वतःलाच हसल्या. केसर टेंपोत चढताना रखमाकडे न बघता म्हणाली, "पनवेलची गाडी नऊ दहाला हाय. उभी काय ऱ्हायलीस?"

*

मैत्री जिन्यावरून खाली आली तेव्हा आई हॉस्पिटलच्या आवारात बदामाच्या झाडाखाली बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

"बाबांना काय झालं?" मैत्रीनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"बाबा बरे हायत."

मैत्री बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. रखमानं सगळं सांगितलं. वाढवून नाही, कमी करून नाही. स्वतः रविवारनंतरही 'पनवेलला, ऱ्हायला' असं बोलून गेली, तेसुद्धा सांगितलं. ते ऐकताना मैत्रीचं तोंड पुन्हा कडक झालं.

"केसरकाकी बोलली तुझ्याशी?"

"बोलली. क्षमा न्हाय करणार म्हणाली."

"बरं केलं," मैत्री म्हणाली. मग म्हणाली, "मी पण इतक्यात न्हाय करणार."

"व्हय."

फाटकातून एक ॲम्ब्युलन्स आत आली. चालवणाऱ्या पोरानं मैत्रीला हात केला, मग शेजारची बाई बघून हात अर्ध्यात थांबवला आणि नमस्कार केला. सावळा, किडकिडीत, कानाशी एकदोन पांढरे केस. रखमाच्या ओठांवर प्रश्न येऊन उभे राहिले. हाच का, कुणाचा, आईबाप काय करतात, तुझ्या मनात काय आहे. तिनं नमस्कार परत केला. प्रश्न एकही सोडला नाही. मैत्री आईकडे बघत होती, वाट बघत होती की आता विचारेल, आता विचारेल.

"बारा वाजायला आलेत," मैत्री शेवटी म्हणाली. "तुझं जेवण राहील. कॅन्टीनला भात मिळतो. चल."

जेवताना ती एवढंच म्हणाली, "ह्या आठवड्यात शनिवारी मला सुट्टी हाय."

रखमानं घास गिळला. 'येशील?' हा शब्द घशाशी आला होता, तो घासाबरोबर गेला.

*

साडेचारला ती परतली. वाडीच्या तोंडाशी नवी निळी नायलॉनची दोरी होती आणि बांबू पुन्हा आडवा. रत्नपाल खुर्चीत. समोर रजिस्टर उघडं, पण पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं.

रखमा बांबूसमोर उभी राहिली.

त्यानं पेन उचललं, परत ठेवलं. मग मान वर न करता म्हणाला, "काकी, सकाळी पोरं पण हसली मला. यार्डातनं काढला तवा कुणी हसलं न्हवतं." त्याचा आवाज बारीक झाला होता. "हे पण गेलं तर मी सकाळी उठून जाऊ कुठं? सांगा ना. तुमी खरं सांगता. मी काय करू?"

अडीच वर्षांपूर्वी हे ऐकून तिचे डोळे भरले असते. तिनं जाऊन चहा आणला असता. आताही तिला त्याची दया आली. खोटं कशाला बोलायचं. पण त्याच्या मांडीवर ते रजिस्टर होतं आणि त्यात तेवीस वेळा ती होती, आणि घरी वरच्या फळीवर मैत्रीच्या बॅगेची जागा रिकामी होती, आणि शनिवार दोन दिवसांवर होता.

"ते मला म्हाईत न्हाय, रत्नपाल," ती म्हणाली. "आपण बोलू. तुझ्या घरी बसून बोलू, कुठं काम मिळतं बघू. पण आधी उचल."

"काकी..."

"उचल."

मागे कामावरून परतणारी माणसं येऊन थांबत होती. कुणीच वाकत नव्हतं.